चित्रातली बाई गूढ नसते, तिचे नाव पुसलेले असते

चित्रातल्या बाईबद्दल मराठीत लिहायला घेतले की दोन शब्द हमखास येतात : 'गूढ' आणि 'मोहक'. मोनालिसाचे हसू गूढ, राजा रविवर्म्याच्या बायकांची नजर मोहक आणि अजिंठ्याची काळी राजकन्या गूढही, मोहकही. या दोन शब्दांवर आपल्याकडच्या कलारसिकांच्या कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या आहेत.

समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला हे दोन्ही शब्द खटकायला हवेत. गूढ म्हणजे काय? जी माहिती आपल्यापाशी नाही, ती. मग लगेच पुढचे प्रश्न उभे राहतात. ती माहिती कोणाकडे होती? ती लिहून का ठेवली गेली नाही? कोणाची लिहून ठेवली गेली आणि कोणाची नाही? हे प्रश्न विचारले की चित्रातल्या बाईभोवतीचे धुके विरळ होते आणि त्यामागे जात, वर्ग आणि पुरुषसत्ता या आपल्या ओळखीच्या गोष्टी दिसू लागतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे की चित्रातल्या बाईचे गूढ तिच्या चेहऱ्यात नसते. तिचे नाव, तिची जात आणि तिची मजुरी चौकटीबाहेर ठेवल्यामुळे ते तयार होते. हा इतिहास महाराष्ट्रात घडलेला आहे, आणि आज आपल्या भिंतींवर रमाईच्या ज्या तसबिरी लागतात तिथपर्यंत तो येऊन पोहोचतो. म्हणून हा विषय फक्त कलारसिकांचा नाही.

लिसा, लॉर आणि मादलेन

आधी जगाचे उदाहरण पाहू. मोनालिसा कोण होती हे पुष्कळसे माहीत आहे. फ्लोरेन्स शहरातल्या फ्रान्चेस्को देल जोकोन्दो या रेशीम व्यापाऱ्याची बायको, लिसा गेरार्दिनी. व्हझारीने सोळाव्या शतकातच तसे लिहून ठेवले होते. २००५ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका जुन्या पुस्तकाच्या समासात १५०३ सालची नोंद सापडली आणि त्याला आधार मिळाला. १९११ साली हे चित्र लुव्र संग्रहालयातून चोरीला गेले, जगभरच्या वर्तमानपत्रांनी ते छापले आणि त्यानंतर त्याची कीर्ती घराघरात पोहोचली. नाव माहीत असूनही गूढाचा धंदा चालू राहिला, कारण गूढ विकले जाते, व्यापाऱ्याची बायको विकली जात नाही.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराने १८६३ साली 'ऑलिम्पिया' हे चित्र काढले. पलंगावर एक गोरी नग्न स्त्री आहे आणि तिच्यामागे फुलांचा गुच्छ घेऊन उभी असलेली एक काळी दासी. गोऱ्या स्त्रीवर शंभर वर्षे लिहिले गेले. तिचे नाव व्हिक्टोरिन म्यूराँ, ती स्वतः चित्रकार होती, हेही पुढे आले. मागच्या काळ्या बाईकडे मात्र पार्श्वभूमीचा भाग म्हणूनच पाहिले गेले. तिचे नाव लॉर. २०१९ साली पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाने काळ्या मॉडेल्सवर प्रदर्शन भरवले तेव्हा काही चित्रांना त्या व्यक्तींच्या नावाने तात्पुरती नवी शीर्षके दिली. मारी-गिय्येमीन बेन्वा या चित्रकर्तीने १८०० साली काढलेले एका काळ्या स्त्रीचे चित्र दोनशे वर्षे फक्त वंशाच्या नावाने ओळखले जात होते. ते 'मादलेनचे चित्र' झाले. चित्राचा एक रंगही बदलला नव्हता, बदलली ती फक्त खालची पाटी. पण पाटी बदलली की पाहणाराही बदलतो.

आपल्याकडच्या पाट्या कधी बदलणार, हा माझा प्रश्न आहे.

अजिंठा : गोष्ट विसरली की गूढ उरते

आपण बौद्ध आहोत, म्हणून सुरुवात आपल्या घरापासून करू. अजिंठ्याच्या सोळाव्या लेणीत एक प्रसिद्ध चित्र आहे. मान झुकलेली, डोळे मिटत चाललेले, भोवती सख्या. इंग्रजांनी त्याला 'मरणासन्न राजकन्या' असे नाव दिले. जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या नकला केल्या आणि ही 'राजकन्या' जगभर गेली. कोण ती, का मरते आहे, यावर रसिकांनी उसासे टाकले.

ती मरत नाहीये. ती सुंदरी आहे, नंदाची पत्नी. नंद हा भगवान बुद्धांचा सावत्र भाऊ. त्याने प्रव्रज्या घेतली आणि त्याचा मुकुट घरी परत आला. मुकुट पाहून सुंदरीला जे कळायचे ते कळले, तो हा क्षण. अश्वघोषाच्या 'सौंदरनंद' या काव्यात ही कथा आहे. ज्या काळात ही लेणी कोरली गेली, त्या वाकाटकांच्या काळातल्या उपासकांना चित्र पाहताच गोष्ट समजत होती. सोळावी लेणी दान देणारा वराहदेव हा हरिषेण राजाचा मंत्री, आणि या राजघराण्याची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचे आपले वाशीम. विदर्भाच्या माणसाला जी गोष्ट पाचव्या शतकात पाठ होती ती बौद्ध धम्म या देशातून हद्दपार झाल्यावर विसरली गेली. गोष्ट विसरली, नाव गेले, आणि मागे एक सुंदर, अगम्य बाई उरली.

अजिंठ्याच्या राजकन्यांकडे पाहून जो गूढतेचा अनुभव येतो, तो खरे तर आपल्या स्मृतिभ्रंशाचा अनुभव आहे. आणि हा स्मृतिभ्रंश आपोआप झालेला नाही, त्याला धम्माच्या पाडावाचा इतिहास आहे.

रविवर्म्याची देवी आणि देवीची मॉडेल

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) हे त्रावणकोरच्या राजघराण्याशी नाते असलेल्या किळिमानूरच्या घराण्यातले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रांची मालिका करून घेतली. १८९० च्या सुमारास ती चित्रे बडोद्यात आणि मुंबईत लोकांसमोर मांडली गेली आणि लोटच्या लोट ती पाहायला गेले. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची दहा चित्रे गेली. ती होती हिंदुस्थानच्या वेगवेगळ्या समाजांतल्या स्त्रियांची. १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. मळवली म्हणजे कार्ले-भाजे लेण्यांचे रेल्वे स्टेशन. बुद्धलेण्यांच्या पायथ्याशी लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील तसबिरी हजारोंनी निघू लागल्या, हा इतिहासाचा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

या तसबिरींमुळे देवी कशी दिसते हे ठरून गेले. गोरी, भरलेली, अंगभर दागिने, नेसलेली साडी, आणि पुष्कळदा मराठी पद्धतीची. आज कॅलेंडरवर जी लक्ष्मी दिसते ती पुराणातून आलेली नाही, ती या छापखान्यातून आली आहे.

आता प्रश्न असा की चित्रकारासमोर तासन् तास बसले कोण? 'कुलीन' घरातली बाई परपुरुषासमोर मॉडेल म्हणून बसणे त्या काळी अशक्य होते. ब्राह्मणी पितृसत्तेत उच्चजातीय स्त्रीची प्रतिष्ठा तिच्या न दिसण्यावर अवलंबून होती. मग समोर बसल्या त्या गोमंतकातल्या कलावंत घराण्यांतल्या स्त्रिया, म्हणजे देवदासी परंपरेतून आलेल्या, गाणे-नाचणे हाच पिढीजात पेशा लादल्या गेलेल्या. राजीबाई मुळगावकर यांचे नाव या संदर्भात सांगितले जाते. अंजनीबाई मालपेकर (१८८३–१९७४) यांचेही नाव घेतले जाते.

अंजनीबाई कोण होत्या? भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद नझीर खाँ यांच्या शिष्या. मोठ्या गायिका. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांना त्यांच्याकडून तालीम मिळाली. १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप त्यांना मिळाली आणि हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. एवढे कर्तृत्व असलेल्या बाईची ओळख आजही पुष्कळ ठिकाणी कशी करून दिली जाते? 'रविवर्म्याची मॉडेल, अप्रतिम लावण्यवती.' गळा मागे पडतो आणि चेहरा पुढे येतो. घराण्याची विद्या हा तपशील होतो आणि सौंदर्य ही ओळख होते.

रविवर्म्यांनी राजघराण्यांतल्या स्त्रियांची व्यक्तिचित्रेही काढली. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंचे चित्र त्यांच्याच नावाने आहे, पदवीसकट. ज्यांच्याकडे सत्ता होती त्यांचे व्यक्तिचित्र झाले. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांची 'मराठी स्त्री', 'फळ घेतलेली स्त्री', 'मोहिनी' झाली. चित्रकार तोच, कौशल्य तेच. फरक पडला तो बसणारी कोण आहे यामुळे.

व्यवस्थेचा कावा बघा. जी स्त्री देवळात देवाला वाहिली गेली, जिच्या घरी जाणे प्रतिष्ठितांना दिवसाढवळ्या लाजिरवाणे वाटे, तिच्याच चेहऱ्यामोहऱ्यावरून देवी घडली आणि ती त्या प्रतिष्ठितांच्या देवघरात विराजमान झाली. देवीला दररोज हळदकुंकू आणि जिच्यावरून देवी घडली तिला त्याच घरच्या हळदीकुंकवाचे आमंत्रण नाही. चित्र पूज्य, बाई बहिष्कृत. याला 'गूढ' म्हणायचे की दांभिकता?

पुढे मराठी कादंबरीने आणि हिंदी सिनेमाने या मॉडेलची 'सुगंधा' केली, प्रेमिका केली, शोकांतिकेची नायिका केली. तिला किती पैसे मिळत, ती किती तास बसे, घरी कोणाकोणाला पोसत असे, हे प्रश्न कोणाला पडले नाहीत. श्रम गायब करून त्या जागी प्रणय ठेवायचा, ही कलेच्या क्षेत्रातली जुनी पद्धत आहे.

दिवा धरलेली मुलगी

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहा. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे 'ग्लो ऑफ होप', आपल्याकडे 'दिवा घेतलेली स्त्री' म्हणून ओळखले जाणारे. तळहाताआड दिव्याची ज्योत, बोटांतून झिरपणारा उजेड. म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये ते आहे. १९४५-४६ च्या सुमाराचे हे चित्र कित्येक लोक आजही रविवर्म्याचेच समजतात. या चित्रातल्या स्त्रीचे नाव आपल्याला माहीत आहे : गीता, हळदणकरांची मुलगी. ती २०१८ साली शंभरी ओलांडून वारली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर आदराने लिहिले.

लिहायलाच हवे होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुलना करा. चित्रकाराची मुलगी असली की नाव टिकते, आठवणी टिकतात, ती किती वेळ दिवा धरून उभी राहिली हेही टिकते. पैसे घेऊन बसलेली कलावंत स्त्री असली की दंतकथा टिकते. आणि दोन्ही चित्रे पाहणारा मात्र एकच शब्द वापरतो, 'मोहक'.

'कलेत जात कशाला आणता?'

हा आक्षेप येणार, म्हणून आधीच उत्तर देतो. कलेत जात आम्ही आणलेली नाही. ती आधीपासून तिथे आहे. कोण बसणार, कोण काढणार, कोण विकत घेणार आणि कोणाचे नाव खाली लिहिले जाणार, हे सगळे जातीने ठरवले. आम्ही फक्त ते वाचून दाखवतो आहोत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. रविवर्म्याने देव स्वस्त केले, ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांच्या झोपडीत देव पोहोचवले, ही केवढी क्रांती, असे काही अभ्यासक म्हणतात. यात तथ्य आहे. छापील तसबीर पुजाऱ्याला विचारून घरात येत नव्हती. पण देव झोपडीत आला म्हणून झोपडीतला माणूस देवळात गेला नाही. काळारामाच्या दारात १९३० साली सत्याग्रह करावाच लागला, आणि तो वर्षानुवर्षे चालवूनही दार उघडले नाही. तसबिरीने भक्त वाढवले, माणसाचा दर्जा वाढवला नाही. शिवाय त्या तसबिरीने आमच्या आयाबहिणींना एक आरसा दिला ज्यात त्या कधीच दिसणार नव्हत्या. सुंदर म्हणजे गोरी, सालंकृत, नाजूक. उन्हात काम करणारी, रापलेल्या कातडीची बाई त्या आरशात कुठे आहे?

ती दुसऱ्या ठिकाणी होती. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड १९१६ साली प्रसिद्ध झाले. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. त्यात महार, गोंड अशा सगळ्या समाजांच्या नोंदी आहेत आणि छायाचित्रेही आहेत. तिथे गोंड स्त्री आहे ती 'गोंड स्त्री' म्हणून. दागिने दाखवायला, चालीरीती दाखवायला. नमुना म्हणून. एका बाजूला कलावंत स्त्री, जिला नाव न देता देवी केले. दुसऱ्या बाजूला आदिवासी आणि अस्पृश्य स्त्री, जिला नाव न देता नमुना केले. देवी आणि नमुना यांच्या मधली जी जागा, म्हणजे माणूस, ती रिकामीच राहिली.

बाबासाहेबांनी चित्र वाचले होते

बाबासाहेबांनी चित्रकलेवर लेख लिहिलेला मला ठाऊक नाही. पण स्त्रीचे दिसणे हा राजकीय प्रश्न आहे, हे त्यांच्याइतके स्पष्टपणे त्या काळी कोणी सांगितले नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या दिवसांत त्यांनी स्त्रियांसमोर भाषण केले. लुगडे कसे नेसावे, कथलाचे आणि चांदीचे जडशीळ दागिने का टाकावेत, हे त्यांनी सांगितले. काहींना वाटते की एवढ्या मोठ्या नेत्याने लुगड्या-दागिन्यांवर का बोलावे? कारण ते लुगडे आणि ते दागिने म्हणजे अंगावर लिहिलेली जात होती. दुरून पाहूनच बाई कोण हे कळावे, यासाठी ठरवून दिलेला तो पोशाख होता. त्या भाषणानंतर स्त्रियांनी नेसण्याची पद्धत बदलली. आपली प्रतिमा आपण ठरवायची, हा हक्क त्यांनी त्या दिवशी वापरला.

दुसरा प्रसंग १६ जून १९३६ चा, मुंबईतल्या परळच्या दामोदर हॉलमधला. देवदासी, मुरळी, जोगतिणी यांच्या सभेत बाबासाहेब बोलले. धर्मांतराच्या चळवळीत यायचे असेल तर हे लाजिरवाणे जिणे सोडा, असे त्यांनी ठणकावून सांगितले. त्यांना तिथे कोणतीही 'मोहिनी' दिसली नाही, गूढ दिसले नाही. व्यवस्थेने ज्यांचे शरीर धर्माच्या नावाने सार्वजनिक केले अशा बहिणी दिसल्या. रसिकाच्या नजरेत आणि मुक्तिदात्याच्या नजरेत हा फरक असतो. रसिक म्हणतो, अशीच राहा, फार सुंदर दिसतेस. मुक्तिदाता म्हणतो, ऊठ, इथून बाहेर ये.

रिकामी झालेली भिंत

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर नागपूरच्या वस्त्यांमध्ये एक मोठी गोष्ट घडली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या लोकांनी घरातले देव काढले. इंदोरा, पाचपावली अशा आपल्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते सांगतील. देव्हारे रिकामे झाले, तसबिरी उतरल्या. रविवर्म्याच्या छापखान्याने साठ वर्षांत जी भिंत व्यापली होती ती मोकळी झाली. खिळे तसेच राहिले.

त्या खिळ्यांवर बुद्ध आले, बाबासाहेब आले. पुढे जोतिराव आणि सावित्रीबाई आल्या. आणि रमाई आली. भारताच्या इतिहासात सर्वसामान्य, कष्टकरी, अस्पृश्य घरात जन्मलेल्या स्त्रीची तसबीर लाखो घरांत लागली, ही घटना कलेच्या इतिहासात नोंदवली गेलेली नाही. नोंदवायला हवी. वणंद गावच्या भिकू धुत्रे यांची मुलगी, लहानपणी पोरकी झालेली, परदेशी शिकणाऱ्या नवऱ्यामागे संसार ओढणारी, चार लेकरे गमावलेली बाई देवघराच्या जागी आली. आणि ती देवी म्हणून नव्हे, आई म्हणून आली. तिचे नाव सगळ्यांना माहीत, गाव माहीत, दुःख माहीत. चित्रातल्या बाईचे गूढ संपवणारी ही तसबीर होती.

रमाईचे एक छायाचित्र सर्वांच्या पाहण्यातले आहे. फेब्रुवारी १९३४, दादरचे राजगृह. यशवंत, बाबासाहेब, रमाई, जाऊ लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि टॉबी नावाचा कुत्रा. त्यानंतर सव्वा वर्षाने, २७ मे १९३५ रोजी रमाई गेली. ते छायाचित्र आजारी, थकलेल्या बाईचे आहे. त्यात कसलाही मोह नाही. आणि म्हणूनच ते खरे आहे. बाबासाहेबांनी पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ तिला अर्पण केला आणि त्या अर्पणपत्रिकेत तिच्या रूपाबद्दल एक शब्द लिहिला नाही. तिचे मन, तिचे चारित्र्य आणि हलाखीच्या दिवसांत सोबत सोसण्याची तिची तयारी, याबद्दल लिहिले. माझ्या मते रमाईचे सर्वात चांगले व्यक्तिचित्र तेच आहे.

पण आता दीक्षाभूमीच्या वाटेवर दरवर्षी लागणारे तसबिरींचे स्टॉल नीट बघा. रमाई गोरी होत चालली आहे. गाल गुलाबी, ओठ रंगवलेले, डोळे मोठे, साडी भरजरी, डोक्यामागे तेजोवलय. सावित्रीबाईंचेही तेच. शेणाचे गोळे झेलत शाळेत जाणारी, १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करता करता मरण पत्करणारी बाई एखाद्या मालिकेतल्या सुनेसारखी दिसू लागली आहे. ज्या सौंदर्यशास्त्राला आपण १९५६ साली भिंतीवरून उतरवले ते मागच्या दाराने, आपल्याच आईचा चेहरा घालून परत येते आहे. हे चित्र काढणारे बहुधा आपलेच कलावंत असतात, त्यांची श्रद्धा खरी असते. पण श्रद्धेच्या हातातला कुंचला मळवलीच्या छापखान्यातला आहे, हे ओळखायला हवे.

आणि गोरी करणे ही साधी चूक नव्हे. वस्तीतल्या सावळ्या मुलीला ती तसबीर काय सांगते? तुझी रमाईसुद्धा गोरी होती, म्हणूनच ती भिंतीवर आहे. ज्या मुलीला लग्नाच्या बाजारात रंगावरून नाकारले जाते, तिच्या घरात तरी एक सावळी आई असू द्या.

ज्यांचे चित्रच नाही

याहून मोठा प्रश्न पुढे आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो स्त्रिया जमल्या होत्या, आणि ती गर्दी पाहून बाबासाहेबांना झालेला आनंद त्यांच्या भाषणात नोंदला गेला आहे. समाजाची प्रगती मी स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, हा त्यांचा विचार त्याच परिषदेतला. त्या परिषदेचे एक तरी चित्र तुमच्या घरात आहे का? सुलोचनाबाईंचा चेहरा तुम्हाला आठवतो का?

जाईबाई चौधरी यांनी रेल्वे स्टेशनवर हमाली केली, शिकल्या आणि नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. १९३७ साली अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले तेव्हा जेवणाच्या वेळी त्यांना वेगळे बसवले गेले. 'भारतीय स्त्री'च्या उन्नतीसाठी जमलेल्या त्या पंगतीत ही भारतीय स्त्री बसत नव्हती. दलित स्त्रियांनी निषेध सभा घेऊन त्याचा जाब विचारला. राधाबाई कांबळे गिरणीत राबल्या आणि कामगार स्त्रियांच्या पुढारी झाल्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात या स्त्रियांना शोधून काढले नसते, त्यांच्या दारात जाऊन त्यांचे बोलणे टिपून घेतले नसते, तर ही नावेही उरली नसती. दोघींनी केलेले ते काम हेच खरे व्यक्तिचित्रण होय.

चित्रकलेत हे करणारा माणूसही नागपूरनेच दिला आहे. सवी सावरकर, जन्म १९६१, नागपूर. त्यांनी देवदासी काढली. अस्पृश्य काढला, गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला. त्यांची देवदासी रविवर्म्याच्या मोहिनीशेजारी ठेवा. तिथे मोह नाही. रेषा खरबरीत, शरीर सोसलेले, नजर तुम्हाला सुखावत नाही, जाब विचारते. एका चित्रकाराने देवदासी परंपरेतल्या बाईतून देवी काढली, दुसऱ्याने देवीच्या नावाखाली दडवलेली देवदासी बाहेर काढली. शंभर वर्षांत कला कुठून कुठे आली ते या दोन चित्रांत दिसते, आणि ती आंबेडकरी चळवळीमुळे आली.

आता करायचे काय?

थेरीगाथेत आम्रपालीच्या गाथा आहेत. वैशालीची गणिका, जिच्या रूपाचा गाजावाजा देशभर होता. राजे तिच्याकडे येत. भिक्खुणी झाल्यावर ती स्वतःच्या केसांबद्दल, डोळ्यांबद्दल, दातांबद्दल बोलते : पूर्वी कसे होते आणि म्हातारपणी कसे झाले. लाजत नाही, रडत नाही, जे आहे ते सांगते. ज्या शरीराकडे सगळे बघत होते त्या शरीराबद्दल ती स्वतः बोलली, तिथे गूढ संपले आणि माणूस सुरू झाला. अडीच हजार वर्षांपूर्वी बुद्धाच्या संघाने बाईला ही जागा दिली होती.

तीच जागा आज आपण द्यायची आहे आणि त्यासाठी फार मोठे काही लागत नाही. पहिली गोष्ट, घरात रमाईची नवी तसबीर घ्याल तेव्हा छायाचित्राशी ताडून घ्या. गोरी केलेली असेल तर विक्रेत्याला सांगा, आम्हाला आमची रमाई पाहिजे. ग्राहक बदलला की छापणारा बदलतो, हे रविवर्म्याच्या छापखान्यानेच शिकवले आहे. दुसरी, आपल्या विहारांत पुरुष नेत्यांच्या रांगेत जाईबाई, सुलोचनाबाई, राधाबाई यांनाही जागा द्या, आणि खाली नाव, गाव, काम लिहा. तिसरी आणि सगळ्यांत तातडीची. आपल्या आज्यांचे जुने फोटो पेटीत पडले आहेत. १९५६ ला दीक्षाभूमीवर पांढरे लुगडे नेसून आलेल्या, मिलमध्ये राबलेल्या, विडीकामावर बसलेल्या बायका त्या फोटोंत आहेत. महिला बचत गटांच्या कामासाठी वस्त्यांत फिरताना असे फोटो दाखवले जातात आणि पुष्कळदा नातवंडांना नाव सांगता येत नाही, 'आजीची कुणीतरी मैत्रीण' एवढेच कळते. नाव सांगू शकणारी माणसे ऐंशी-नव्वदीत आहेत. आजच्या आज बसा, विचारा, आणि फोटोच्या मागे पेनने लिहा : नाव, माहेर, काम, साल.

हे आपण केले नाही तर पन्नास वर्षांनी कोणीतरी रसिक तो फोटो प्रदर्शनात लावेल आणि खाली पाटी येईल : 'अनोळखी दलित स्त्री, नागपूर'. आणि पाहणारे म्हणतील, काय गूढ चेहरा आहे!

तशी वेळ आपल्या आयांवर येऊ देऊ नका.

जयभीम. नमो बुद्धाय.